कॅलेंडरातला की हॉलातला?

"तारीख नको गो. सण सांग."

असं म्हणून आपा समोरचा टॅबलेट बाजूला सरकवायची, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढायची आणि खुर्चीतून अर्धवट वळून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिल टेकवायची. समोरची बाई गोंधळायची. इथे आखातात, मुसाफ्फाच्या हॉस्पिटलात, एवढ्या एसीत, एवढ्या पांढऱ्या भिंतींत ही कुठली नर्स पाळीची तारीख विचारताना सण विचारते?

पण तुम्ही बायकांच्या ओपीडीत थोडा वेळ जरी बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, की 'शेवटची पाळी कधी आली?' या प्रश्नाला शंभरातल्या नव्वद बायका आधी छताकडे बघतात, मग नवऱ्याकडे. नवरा मोबाइलकडे बघतो. आपाने हा सगळा प्रवासच बंद केला होता. मराठी बाई असली तर "कुठल्या सणाला पूजेला बसता आलं नाय?" मल्याळी असली तर ओणमच्या आधी की नंतर. पाकिस्तानी असली तर किती रोजे सुटले. "सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे असतात गो, ते बाई विसरत नाय. रमजानात माझं काम निम्मं." फिलिपिनो मुलीला ती विचारायची, "हूज बर्थडे?" आणि ती मुलगी पटकन सांगायची, "माय कझिन, सिस्टर. द डे आफ्टर." आपा पेन्सिल फिरवायची. तारीख हजर.

आपा रत्नागिरीकडची. खाडीकाठचं गाव, नवरा जहाजावर होता तो तिथेच कुठेतरी आजाराने गेला, आणि ही पंचवीस वर्षांपूर्वी नर्स म्हणून इकडे आली. खरं नाव बॅजवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. बॅजवरचा फोटोसुद्धा ती आली तेव्हाचा. फोटोतली बाई तरुण आणि घाबरलेली होती. प्रत्यक्षातली आपा या दोन्हींतली काहीच नव्हती. पाच वेळा नमाज पढणाऱ्या या बाईच्या भिंतीवर तिथी, एकादशी, चतुर्थीसकट मोठं मराठी कॅलेंडर टांगलेलं असायचं. दर डिसेंबरात देरामधल्या एका दुकानातून ती ते स्वतः जाऊन आणायची. कोणी चिडवलं तर म्हणायची, "ह्यात ईदपण हाय, संकष्टीपण हाय. तुझ्या फोनात हाय काय?"

माझं टेबल तिच्या दाराच्या बरोबर समोर. विम्याच्या मंजुऱ्यांचं काम. म्हणजे लोकांच्या फायली परत पाठवण्याचं. त्यातही माझी खासियत अशी, की पाळीच्या तारखेचा रकाना रिकामा दिसला की मी फाइल उघडायचेही कष्ट घेत नसे. 'तारीख नाही, परत.' दिवसातून पाच-सहा वेळा आपाच्या दारात जाऊन मी ही आरोळी ठोकायची आणि ती आतून म्हणायची, "यल्ला, आली वसुलीवाली."

एकदा मी तिला खवळलेलं पाहिलं. खरं तर खवळलेलं नाही, त्याच्या पलीकडचं काहीतरी. एक तरुण बाई आली होती, नाशिककडची. पोटातल्या बाळाची मूत्रपिंडंच तयार झाली नव्हती. आता इथला कायदा थोडक्यात सांगायचा तर असा, की बाळ जगणारच नसेल किंवा आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपाताला परवानगी मिळू शकते. पण त्याआधी सोनोग्राफी, मग समुपदेशन, मग तीन डॉक्टरांच्या समितीची मंजुरी. आणि हे सगळं गर्भ राहिल्यापासून एकशेवीस दिवसांच्या आत; गर्भ राहिल्याचा दिवस पाळीच्या तारखेत चौदा दिवस मिळवून काढायचा. समितीचं उत्तर येईपर्यंत त्या बाईचे एकशेचोवीस होणार होते. ती आपाचे हात धरून म्हणाली, "चार दिवस पुढची तारीख लिहा ना. कोण बघतंय?"

आपाने लिहिली नाही.

दार उघडं होतं म्हणून मी ऐकलं. "खोटी तारीख मी लिहिणार नाय, बाय. खरी चुकली असली तर शोधून देईन. तू पुन्हा आठव." बाईने पुन्हा आठवलं. तेच निघालं. ती बाई पुढचे सगळे महिने ओपीडीत येत राहिली आणि आपा दर वेळी तिच्या शेजारी बसत राहिली. बाळ अर्धा दिवस जगलं. त्या दिवशी पँट्रीत आपा चहाचा कप धुत होती. तोच कप. मी जाऊन पाणी पिऊन आले, डबा गरम करून आले, तरी तोच कप.

"मला तर वाटतं लिहायला हवी होती," मी म्हटलं. मला मतं असतात. कोणी विचारलेली नसली तरी.

"तुझं टेबल समोर हाय," ती म्हणाली, "माझं हिकडं हाय."

आता माझं सांगते. मी चव्वेचाळीस वर्षांची. पाळी चुकायला लागली तेव्हा मी मोठ्या उत्साहाने रजोनिवृत्ती जाहीर केली. घरात, इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर, पुण्याला बहिणीला. सोयाबीन सुरू केलं. रात्री घाम आला की घरच्यांना उठवून दाखवायचे. आमचे हे इंजिनिअर, त्यांनी माझ्या चिडचिडीची एक्सेल शीट करायची तयारी दाखवली. पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "मॉम, टू मच इन्फर्मेशन." डिसेंबरच्या शेवटी पोटात काहीतरी फडफडलं तेव्हा मी त्याचंही खापर सोयाबीनवर फोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फडफडलं. मग मात्र मी गुपचूप तपासणी केली आणि मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या बाथरूममध्ये टबच्या काठावर अर्धा तास बसून राहिले.

हसू नका. हसलात तरी चालेल, मीही हसले होते. हे पण हसले. मग आम्ही दोघं घाबरलो, मग पुन्हा हसलो. मुलाला सांगायचं कसं यावर दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी यांनी कपाटाच्या वरून जुना पाळणा खाली काढला आणि त्याचे स्क्रू मोजले. एक कमी होता.

सोमवारी मी आपल्याच हॉस्पिटलात पेशंट म्हणून गेले. आपा जेवायला गेली होती. पण मला आपाची काय गरज? तिची पद्धत मी रोज समोरून बघत होते. मी मनाशी म्हटलं, सण सांग. मला लगेच आठवलं, गणपती! मंडळाच्या गणपतीला त्याच दिवशी सकाळी सुरू झालं होतं आणि मी मोदकांना हात लावला नव्हता. आमचा या गोष्टींवर विश्वास नाही, पण मंडळातल्या मोठ्या काकूंचा आहे, आणि माझा मोठ्या काकूंना घाबरण्यावर आहे. मी फोनवर गणेश चतुर्थी शोधली, तारीख टॅबलेटवर टाकली, सही केली. एवढ्या झटपट फॉर्म भरणारी पेशंट ओपीडीने पाहिली नसेल असं मला वाटलं.

मग सोनोग्राफी झाली. तो प्रोब पोटावर फिरत राहिला आणि एरवी फार बडबड्या असलेल्या इजिप्तच्या डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली.

बाळाच्या डोक्याची कवटी तयार झाली नव्हती. मेंदूही बहुतेक नव्हता. हृदय चालू होतं. जन्मलं तर काही तास, फार तर एखादा दिवस. यात शंका नाही, असं त्या तीनदा म्हणाल्या, आणि दर वेळी जरा हळू.

त्या दिवशी घरी आम्ही काय बोललो ते मी लिहिणार नाही. इतकंच सांगते, की पहाटेपर्यंत आम्ही दोघांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे मी बोलले आणि हे "हं" म्हणाले, आणि मग हे रडले. पाळणा त्यांनी पुन्हा वर ठेवला. स्क्रूची पिशवी मात्र टेबलावरच राहिली. ती मी इकडून तिकडे ठेवत राहिले.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला. माझ्या तारखेप्रमाणे एकशेवीस दिवस गुरुवारी संपत होते. समितीला कमीत कमी एक आठवडा लागणार होता. मी विचारलं, मशीन काय म्हणतं? त्या म्हणाल्या, एरवी आपण डोक्याच्या मापावरून सांगतो. इथे डोकंच मापता येत नाही. मांडीच्या हाडावरून अंदाज आहे, पण त्यात आठवडा-दहा दिवस इकडे-तिकडे होतात, तेव्हा समिती फॉर्मवरची तारीख धरेल. फॉर्मवरची. माझ्या सहीची.

मी बाहेर आले. मला बसता येईना. ओपीडीच्या कॉरिडॉरमध्ये एक फेरी मारायला एकोणतीस पावलं लागतात. मी किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. टेबलावर जाऊन बसले, दोन फायली परत पाठवल्या, पुन्हा उठले. शेवटी आपाच्या दारात गेले. तिला सगळं कळलेलं होतं. हॉस्पिटलात सगळ्यांना सगळं कळतं.

"आपा, चार दिवस..." मी म्हणायला लागले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून थांबले. नाशिकच्या बाईचं वाक्य. तेच्या तेच.

आपाने दार लावलं. मला खुर्चीत बसवलं. चष्मा डोळ्यांवर ओढला.

"सण सांग."

"गणपती. लिहिलंय ना."

"कुठला गणपती? कॅलेंडरातला की हॉलातला?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले. आपल्याकडे गणपती चतुर्थीला येतो. इथे मंडळाचा गणपती हॉल मिळेल तेव्हा येतो. हॉलवाला जो शनिवार देईल तो शनिवार. त्या वर्षी चतुर्थी बुधवारी होती, आणि हॉल मिळाला तो पुढच्याही पुढच्या शनिवारी. दहा दिवसांनी. आरत्यांच्या याद्या मीच छापून आणल्या होत्या, वर तारीख घालून! आणि मी, तारखांवरून लोकांच्या फायली परत पाठवणारी मी, चतुर्थीची तारीख टाकून मोकळी झाले होते.

मला एकदम हायसं वाटलं, आणि लगेच भीती. हॉलातलाच होता ना? की मला तो हवाय म्हणून तो आठवतोय?

आपाला ते दिसलं असावं. ती पोलिसासारखी सुरू झाली.

"काय नेसली होतीस?"

"पैठणी... नाही. काळा सलवार कमीज."

"गणपतीला काळा?"

"सकाळीच सुरू झालं होतं. भीती वाटत होती, डाग-बिग..."

"पैठणी इस्त्री केली होतीस?"

"केली होती! पलंगावर तशीच पडून होती. संध्याकाळी यांनी तिच्यावर ओला टॉवेल टाकला म्हणून भांडण झालं."

"कोणी फोटो काढला?"

मी यांना फोन केला. "मंडळाच्या ग्रुपवरचे गणपतीचे फोटो बघा, मी आहे का." पलीकडे खुडबुड. मग मुलाचा आवाज. शाळेला सुट्टी होती, बापाच्या हातातला फोन त्याने घेतला होता. "मॉम, फाउंड यू. एव्हरीवन्स इन सिल्क. यू आर इन ब्लॅक. यू आर लिटरली नेक्स्ट टू द शूज."

चपलांच्या शेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीवर, तोंड पाडून बसलेली मी. फोटोखाली त्या शनिवारची तारीख. या फोटोवरून मंडळात माझी महिनाभर चेष्टा झाली होती.

आपाने फोटो मोठा करून पाहिला. हसली नाही. तो घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. दुरुस्तीचा अर्ज तिने स्वतः लिहिला, खाली कारण लिहिलं, माझी सही घेतली, आपली केली. डॉक्टरांनी हाडाचं माप पुन्हा ताडून पाहिलं. नव्या तारखेशी ते जुन्यापेक्षा जास्त जुळत होतं. आणखी दहा दिवस मिळाले होते.

"आपा," मी विचारलं, "फोटो मिळाला नसता तर?"

"मिळाला ना?" ती म्हणाली. "खलास."

समितीसाठी सोनोग्राफी पुन्हा करायची होती. आपा माझ्या डोक्याशी उभी राहिली. "बघायचं असलं तर बघ. नसलं तर माझ्याकडे बघ. कायद्यात मशीन लावायचं लिहिलंय. बघायचं लिहिलेलं नाय." मी तिच्या बॅजकडे बघत होते, त्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या घाबरलेल्या बाईकडे. मग कसं कोण जाणे मान वळली. एक पाय दिसला. टाच, बोटं, सगळं. तो हलत होता. मी पुन्हा बॅजकडे बघितलं.

समुपदेशनाला एक जॉर्डनच्या बाई होत्या, फार मऊ आवाजाच्या. यांना बाहेर बसवलं. बाई इंग्रजीत बोलणार आणि आपा मराठीत सांगणार.

"मला इंग्रजी येतं," मी म्हटलं. वीस वर्षं विम्याच्या कंपन्यांशी इंग्रजीत भांडतेय मी.

"येऊ दे गो. हे मराठीत ऐक."

बाई म्हणाल्या, दिवस पूर्ण भरेपर्यंत थांबायचाही पर्याय आहे. आपाने ते सांगितलं. बाई म्हणाल्या, थांबलात तर बाळाला हातात घेता येईल, आम्ही मदत करू. आपाने तेही सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. कुठल्या बाजूला तिचा आवाज झुकतोय का, ते मी ऐकत होते. झुकला नाही. बाईंनी विचारलं, हा निर्णय घ्यायला तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का? नवऱ्याचा?

"त्यांचा दबाव?" मी म्हटलं. "अहो, टीव्हीचा रिमोट हवा असला तरी ते 'घेऊ का' विचारतात. लग्नाला एकवीस वर्षं झाली, अजून माझ्या ताटातली चटणी विचारून उचलतात."

आपा बाईंकडे वळली. "नो," ती म्हणाली.

"एवढंच?"

"तिला तेवढंच हवं हाय."

आणि मग मला हसू आलं आणि त्याच हसण्यातून जे फुटलं ते फुटलं. जॉर्डनच्या बाईंनी टिश्यूचा डबा पुढे केला. आपाने ओढणीचं टोक.

निघताना कॉरिडॉरमध्ये मी तिला विचारलं. विचारू नये ते मी नेहमीच विचारते. "आपा, तुम्हाला काय वाटतं? तुमच्यात तर..."

ती चालत राहिली. "माझं काम तारखेचं," ती म्हणाली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "आणि दुवा मागायची, ती मागते. तुझ्यासाठी पण. त्याच्यासाठी पण."

समितीचं उत्तर यायला सात दिवस लागले. त्या सात दिवसांत मी आठ किलो गाजरांचा हलवा केला. कोणी खाल्ला नाही. आपा मात्र रोज तशीच. चष्मा खाली, पेन्सिल भिंतीवर, "सण सांग". मला तिचा रागही यायचा. माझ्या पायाला भिंगरी लागली होती आणि ही बाई समोर दगडासारखी शांत! दिवसातून दहा वेळा मी तिच्या दारात जाऊन विचारायची, "बरोबर मोजलंय ना?" आणि ती मान वर न करता म्हणायची, "एकदा मोजलं म्हणजे मोजलं."

मंजुरी आली. पुढचं सगळं दुसऱ्या दिवशी झालं, एकशे सोळाव्या दिवशी. शुद्धीवर येताना मला आपाचा हात दिसला, पलंगाच्या कठड्यावर, त्यात तसबीह. ती मणी ओढत नव्हती. नुसती धरून बसली होती.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मी महिनाभर पुण्याला गेले. परत आले तर समोरच्या खोलीत एक नवी मुलगी बसली होती, हुशार, चटपटीत. आपाची साठी झाली होती, व्हिसा पुढे वाढला नाही, आणि गुडघेही बोलायला लागले होते. ती गावी गेली. मला सांगून गेली नाही. माझ्या फोनवर तिचा एक निरोप होता, "तू आलीस की सवडीनं बोलू", आणि दोघींनाही माहीत होतं की ते काही होणार नाही.

भिंतीवर खिळा तेवढा राहिला होता. नव्या मुलीने माझ्या हातात एक गुंडाळी ठेवली. "आपाच्या लॉकरमध्ये होती. वर तुमचं नाव होतं."

कॅलेंडरची पानं होती. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर आणि नव्या वर्षातला जानेवारी. माझं टेबल मोकळं होतं, मी ती पसरली. एकेका चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक आकडा. एक, दोन, तीन. चतुर्थीच्या हिशेबाची एक रांग, हॉलाच्या हिशेबाची दुसरी. दोन्ही रांगा खोडून पुन्हा लिहिलेल्या. पुन्हा खोडून पुन्हा लिहिलेल्या. एकदा मोजलं म्हणजे मोजलं म्हणणाऱ्या बाईने किती वेळा मोजलं होतं कोण जाणे. जानेवारीच्या पानावर तर खोडरबरने कागद इतका झिजला होता, की मी पान उचललं तेव्हा त्यातून खिडकीतला उजेड आला.

पहिली रांग आठ तारखेला एकशेवीसवर संपली होती. तिच्याभोवती काही नव्हतं. दुसरी रांग पुढे चालत गेली होती. एकशे चौदा, एकशे पंधरा, एकशे सोळा.

पुढचे चौकोन कोरे होते.

एकशे सोळाच्या चौकोनात लाल अक्षरांत छापलं होतं, मकर संक्रांत. मला ती तारीख कोणी विचारली तर छताकडे बघावं लागत नाही.